भाऊजींची शेपटं

आमच्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात एक वाक्य पुसलेलं नाही. हे ऐकून ज्यांना त्या माणसाचं कौतुक वाटलं असेल, त्यांनी त्यांना आठ दिवस आपल्या घरी ठेवून घ्यावं. आणून सोडायचं काम माझ्याकडं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. अंगकाठी सडपातळ, आवाज बारीक, कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. पण बोलायला लागले की आधी काय म्हणणार होते ते सांगतात, ते का म्हटलं नाही ते सांगतात, आणि मग जे म्हणायचं ते म्हणतात. सकाळच्या घाईत फोन येतो, "वहिनी, आधी मी दादालाच लावणार होतो, पण म्हटलं तो आंघोळीला गेला असंल, म्हणून तुम्हाला लावला. आणि आधी मी 'काय चाललंय' असं विचारणार होतो, पण सकाळी काय चालणार, म्हणून..." एवढं होईस्तोवर माझं दूध उतू जातं. दूध उतू गेलं म्हणून ओरडावं तर म्हणतात, "आधी मी 'सॉरी' म्हणणार होतो, पण घरच्या माणसाला काय सॉरी म्हणायचं." म्हणजे दूधही गेलं आणि सॉरीही गेली.

मयताच्या घरी भेटायला जायचं झालं तर आमच्या घरातलं कोणी त्यांच्यासोबत जायला तयार होत नाही. मागं आमच्या गल्लीतले एक आजोबा वारले, चांगले नव्वदीला टेकलेले. भाऊजी त्यांच्या मुलासमोर मांडी घालून बसले, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आधी मी 'फार वाईट झालं' म्हणणार होतो. मग वय बघून वाटलं, 'सुटले' म्हणावं. मग म्हटलं, आपण काहीच बोलू नये." आणि खरंच गप्प बसले! तो मुलगा बिचारा रडता रडता थांबला आणि माझ्याकडं बघायला लागला. मी तरी काय करणार, पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं मला हुंदका आला. लग्नात तर ह्यांच्या हाती माईक जाऊच देऊ नये. एकदा गेला. "वधू-वरांना आधी मी 'सुखी राहा' म्हणणार होतो," भाऊजी भर मांडवात म्हणाले, "पण ते आपल्या हातात कुठंय. म्हणून म्हणतो, सांभाळून राहा." नवरीचा चेहरा पांढराफटक. तिची आई मला बाजूला घेऊन विचारते, "ताई, तुमच्या दिराला मुलाबद्दल काही कळलंय का हो?"

ह्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. भाऊजी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. कार्बन घातल्याशिवाय कागद मशीनला लावायचा नाही, हा बाणा. कचेरीत ठीक आहे हो. पण माणूस किराण्याची यादी लिहिताना खाली कार्बन घालतो का? हे घालायचे. घरात तर आणखी कमाल. नाकावर नवा चष्मा आणि कपाळावर जुना. न्हाणीघराला नवा दरवाजा बसवला, तर जुना काढून त्याच्याच शेजारी भिंतीला उभा करून ठेवलाय. पाहुणा माणूस घाईत जातो आणि नेमका तो ओढत बसतो. आपल्या शहरात नळाला पाणी येतं ते सणासारखं. आलं की लोक आधीचं झाडांना घालतात, पिंप घासतात, नवं भरतात. भाऊजी आधीचं पिंप तसंच झाकून ठेवतात. "नवं गढूळ निघालं तर?" पुढच्या वेळी ते नवं आधीचं होतं. ओसरीत पाय ठेवायला जागा नाही, नुसती पिंपं. शहराचं नाव बदललं तेव्हा तर त्यांची चंगळच झाली; कुरिअरवाल्याला पत्ता सांगताना आधीचं नाव, मग आताचं नाव, मग पुन्हा आधीचं, असं चालायचं. चहा गार झाला तर तो टाकू देत नाहीत, घोटभर कपात ठेवतात आणि नवा दुसऱ्या कपात मागतात, नवा बिघडला तर म्हणून. माझ्या हातचा चहा आजवर बिघडलेला नाही, हे मी इथं स्पष्ट सांगून ठेवते.

असल्या माणसाच्या हातात मी माझ्या केंद्राची वेबसाइट दिली, हे ऐकून तुम्ही मलाच हसाल. पण आधी ऐकून तर घ्या. हर्सूलला आमच्या पुढच्या खोलीत मी वधू-वर सूचक केंद्र चालवते. विहारात रविवारी बायका भेटायच्या, "ताई, आमच्या पोरीसाठी बघा ना कुठं" म्हणायच्या, त्यातून ते वाढत गेलं. आमच्यात पत्रिका बघत नाहीत. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते ओझं डोक्यावरून उतरलं. गुण जुळवायचे नाहीत, मंगळ नाही, नाडी नाही. म्हणजे माणसांना खोट काढायला जागा उरते ती एकच, बायोडाटा. त्यामुळं आमच्या बायोडाटात एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं चालत नाही. एका मुलीच्या कागदावर 'नोकरी करते'च्या ऐवजी 'नोकरी करत होती' असं पडलं, तर समोरच्यांचा फोन आला, का सोडली, कोणाशी भांडली, साहेब काही बोलला का. पूर्वी हे सगळं मी व्हॉट्सॲपवर पाठवायची. मग लोक विचारायला लागले, वेबसाइट नाही का? भाऊजी तेव्हा नुकतेच रिटायर झालेले, बोटं मशीनवर पाण्यासारखी चालायची, आणि वेबपेज बनवायचं कुठंतरी शिकून आलेले. मी विचारलं, तर म्हणाले, "आधी मी 'नाही' म्हणणार होतो. पण घरचं काम आहे, 'हो' म्हणतो." मी तिथंच ओळखायला पाहिजे होतं.

माझ्याकडं विंडोज, त्यांच्याकडं लिनक्स. त्यांचा कॉम्प्युटर इतका जुना की त्यावर नवं विंडोज चढेना, म्हणून त्यांनी लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे काय ते मला विचारू नका. विंडोजसारखंच असतं, फुकट मिळतं, आणि ज्याच्याकडं असतं तो भेटेल त्याला सांगत सुटतो. तर पद्धत अशी ठरली, की बायोडाटा मी फोनवर सांगायचा, भाऊजींनी पडेगावला घरी बसून पान तयार करून नेटवर चढवायचं, आणि रविवारी पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या पानांची एक प्रत माझ्याकडं आणून द्यायची. ही प्रतीची कल्पना कोणाची, हे सांगायला नको.

पहिल्याच रविवारी मी फोल्डर उघडलं आणि बघते तर काय, प्रत्येक मुलगी दोनदा! एकदा सरळ नावाची, आणि तिच्याखाली पुन्हा तीच, पण नावाच्या शेवटी एक आडवं वळवळतं चिन्ह, शेपटासारखं. मुलांचं तेच. संपर्काचं पान, त्यालाही शेपूट.

"भाऊजी, ही काय घाण आणून टाकली?"

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, मग नाकावरचा वर केला. "ही माझ्याकडं नव्हती, वहिनी."

"मग कुठून आली?"

"येताना रस्त्यात तर नाही झाली?"

"रस्त्यात? पेन ड्राइव्ह आहे का कोंबडी?"

ते पेन ड्राइव्ह घेऊन घरी गेले, आपल्या कॉम्प्युटरला लावला आणि लगेच फोन. "एक पण नाय, वहिनी. सगळं साफ. आधी मी तुमच्या डोळ्यांवर संशय घेणार होतो, पण ते बरं दिसत नाही. म्हणून विंडोजवर घेतो."

सांगा, अंगाचा तिळपापड होईल की नाही? मी माझ्याकडची सगळी शेपटं एकेक करून पुसून टाकली. पुढच्या रविवारी पुन्हा हजर. पुन्हा पुसली, पुन्हा हजर. मी म्हणायचे, तुम्ही आणता. ते म्हणायचे, तुमच्याकडं होतात. आमचे हे मध्ये पेपर धरून बसायचे. सख्ख्या भावाची बाजू घ्यावी तर जेवणाची पंचाईत, माझी घ्यावी तर त्यांना आधीची आणि नंतरची अशी दोन्ही भाषणं ऐकावी लागणार. शेवटी मी म्हटलं, हातच धरते ह्यांचा. पडेगावला गेले, भाऊजींच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत फोल्डर उघडलं. लख्ख! एक शेपूट नाही. माझ्यासमोर ते पेन ड्राइव्हमध्ये घेतलं, पेन ड्राइव्ह मी माझ्या पर्समध्ये टाकला, पर्स पोटाशी धरली आणि पडेगावहून हर्सूलला सरळ रिक्षानं आले, कुठं भाजीलासुद्धा उतरले नाही. घरी येऊन लावते तर सगळ्या पोरी शेपटं काढून बसलेल्या. भाऊजींना फोन केला तर म्हणतात, "रिक्षात झाली असतील."

ह्यातली गोम आम्हाला फार उशिरा कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगते, उगाच तुमचं डोकं कशाला पिकवू. भाऊजी ज्यात पानं लिहायचे तो प्रोग्राम निघाला त्यांच्यासारखाच. पान बदलून सेव्ह केलं की आधीचं पान तो फेकायचा नाही. नावाला शेपूट लावून बाजूला ठेवायचा, कोणी न सांगता. आणि त्यांचं लिनक्स असल्या शेपटाच्या फायली झाकून ठेवायचं, म्हणून त्यांना त्या दिसायच्याच नाहीत. माझ्या विंडोजला त्या शेपटाचा अर्थच ठाऊक नाही. ते बिचारं जे असेल ते सगळं दाखवायचं. म्हणजे ते खरं बोलत होते, मीही खरं बोलत होते, आणि आम्ही दोघं एकमेकांना खोटं पाडत महिनोन्‌महिने भांडलो. वर आणखी एक. मी आपली माझ्या घरातली शेपटं पुसत बसायची, आणि तिकडं भाऊजी अख्खं फोल्डर उचलून नेटवर चढवायचे, शेपटांसकट. जगात कोणालाही ती उघडून वाचता येत होती, आणि आम्हाला पत्ताच नाही.

आता आशूचं सांगते. अश्विनी, भाऊजींची एकुलती एक पोरगी. माझी जाऊ गेली तेव्हा पोर कॉलेजात होती. तेव्हापासून पडेगावच्या घरात ही दोघंच. बाप सगळं दोनदा सांगणारा, पोरगी एकदाच सांगणारी, पण तोंडावर. एम.एस्सी. झाली, औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या लॅबला लागली. ती संध्याकाळी घरी आली की भाऊजी दिवसभरातली आधीची आणि नंतरची सगळी वाक्यं तिच्यापुढं मांडायचे. ती भाजी निवडत "नंतरचं सांगा पप्पा, नंतरचं" म्हणायची, पण ऐकायची सगळं. त्यांचं बोलणं असं शेवटपर्यंत ऐकून घेणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. मी तर नाहीच.

केंद्र चालवणारीच्या घरातली पोरगी बिनलग्नाची म्हटल्यावर लोक मलाच विचारायला लागले. मी आशूला विचारलं. ती म्हणाली, "बघा, मोठी आई, माझी ना नाही. पण कोणाला खोटं सांगायचं नाही." मी बघायला लागले, आणि भाऊजींनी खोट काढायला सुरुवात केली. फर्दापूरचं एक चांगलं स्थळ आलं, मुलाचं लेण्यांच्या रस्त्याला स्वतःचं हॉटेल. भाऊजी म्हणाले, "आधी मी 'तिथं पाणी नाय' म्हणणार होतो, पण आपल्याकडं पण कुठंय. म्हणून म्हणतो, तिथं माकडं लई." परभणीचं आलं, तिथं ऊन. नाशिकचं आलं, तिथं थंडी. मी म्हटलं, भाऊजी, पोरगी द्यायची आहे का लोणचं ठेवायचंय? ते आपले बारीक आवाजात काहीतरी पुटपुटले.

शेवटी मी फोनवरून दमच दिला, आशूचं पान आजच्या आज नेटवर चढलं पाहिजे. म्हणाले, "लिहिलंय मी." मी विचारलं, "काय लिहिलंय?" म्हटलं, "जे काय असंल ते काढा आणि मी सांगते ते लिहा. सालस, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, सुगरण." तिकडून नुसता बटणांचा आवाज. मग "झालं" म्हणाले आणि फोन ठेवला. आधी काय लिहिलं होतं ते बोललेच नाहीत! दाढी करताना आधी कुठल्या गालाला ब्रश लावणार होते तेसुद्धा सांगणारा हा माणूस. मला वाटलं, चला, सुधारले एकदाचे.

आणि मग जालन्याचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, पवनचक्क्यांच्या कामावर, पार कोइम्बतूरला. नकाशात कोइम्बतूर शोधायला भाऊजींना दोन्ही चष्मे लागले. पण ह्या वेळी माकडं काढली नाहीत, की ऊन काढलं नाही. कारण आशूचं आणि त्या मुलाचं फोनवर बोलणं झालं होतं, आणि फोन ठेवल्यावर पोरगी स्वतःशीच हसली होती. ते त्यांनी बघितलं होतं.

पाहुणे पडेगावला आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि बहीण. बहीण जालन्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. जय भीम, जय भीम झालं. पोहे आले. पिंपं बघून त्यांनी काही विचारलं नाही, म्हणजे माणसं चांगली होती. मुलाच्या आईनं मला विचारलं, "पोरगी सैपाकाला कशी हाय?"

"सुगरण!" मी म्हटलं. "हात लावील त्याला चव."

आशूनं माझ्याकडं असं बघितलं की मी पाणी प्यायले. तेवढ्यात ती बहीण म्हणाली, "पण काकू, तुमच्या साइटवर तर वेगळंच लिहिलंय."

"काय वेगळं?"

"अश्विनीची दोन पानं आहेत ना. दुसऱ्याच्या नावाच्या शेवटी टिल्डे आहे, ते. मी साइटच्या पत्त्याचं शेवटचं टोक खोडून बघितलं तर सगळं फोल्डरच उघडलं."

मी ज्याला शेपूट म्हणत होते त्याला एवढं छान नाव आहे हे मला तेव्हा कळलं, पण आनंद मानायची ती वेळ नव्हती. तिनं मोबाइल काढला आणि सगळ्यांसमोर वाचायला लागली.

"'नाव अश्विनी. रंग आईचा, राग माझा. सैपाक येत नाही. खिचडी येते, पण शिट्ट्या मला मोजाव्या लागतात. खोटं बोलत नाही, त्यामुळे पाहुण्यांसमोर अडचण होते. आजारी माणसाजवळ बसली की उठत नाही, हे तिच्या आईच्या वेळी बघितलं आहे. अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी असावा. तिला गप्प बस म्हणणारा नको. स्थळ शक्यतो पडेगावातलं. हर्सूल चालेल. त्याच्या पुढं द्यायची नाही. ती गेल्यावर मी कोणाशी बोलू.'"

पोह्याचे चमचे जिथल्या तिथं थांबले. माझ्या तर कानातून वाफा निघायला लागल्या. केंद्राची एवढ्या वर्षांची इज्जत, आणि ह्या माणसानं आपल्याच पोरीच्या पानावर ती चव्हाट्यावर आणली! भाऊजींनी मोबाइल मागून घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे मी लिहिलंय," ते म्हणाले. "पण हे मी काढून टाकलं होतं."

त्या बहिणीनं मग समजावून सांगितलं, प्रोग्राम कसा आधीचं पान ठेवतो, लिनक्स ते कसं झाकतं, सगळं. भाऊजींनी मान डोलावली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हणजे वहिनी, शेपटं होती."

बघा! इतके महिने मी ज्या वाक्यासाठी जिवाचा आटापिटा केला ते वाक्य आलं, आणि कधी आलं, तर पाहुणे हातात बशा धरून बसलेले असताना. मला साधं 'बघा, मी सांगत होते' म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही.

आशू उठली, बापाच्या हातातून मोबाइल घेतला, उभ्यानंच वाचला. डोळे भरले होते, पण आवाज चढलेला. "पप्पा, तुम्ही मला सगळं सांगता. बँकेत आधी कुठल्या रांगेत उभे राहणार होतात ते सांगता. मग हे का नाही सांगितलं?"

भाऊजी गप्प. आधीचंही नाही आणि नंतरचंही नाही.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "साहेब, स्पष्ट बोलतो. आमचं पोरगं कोइम्बतूरला हाय. हर्सूलच्या लई पुढं झालं ते. तुमच्या मनात नसंल तर आम्ही चहा घेऊन उठतो. राग नाय, काय नाय."

आता मात्र माझा जीव टांगणीला लागला. भाऊजी नुसते 'बरं' म्हणाले असते तरी संपलं असतं, आणि त्या घडीला मला वाटलं, म्हणणार हे. त्यांनी आशूकडं बघितलं. ती मुलाकडं बघत नव्हती, बापाकडंच बघत होती, आणि ती पोरगी खोटं बोलत नाही. बापानं 'नको' म्हटलं असतं तर तीही 'नको' म्हणाली असती आणि तेही मनापासून.

"ते आधीचं आहे," भाऊजी म्हणाले. "नंतरचं वाचा."

बहिणीनं दुसरं पान उघडलं. "'सालस, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, सुगरण...'" पहिल्यांदा आशू हसली, मग तो मुलगा, मग सगळेच. हसण्यासारखं त्यात काय होतं मला अजून कळलेलं नाही.

"तेवढं वहिनींचं आहे," भाऊजी म्हणाले. "त्याच्या खालची ओळ वाचा. ती माझी."

"'स्थळ कुठलंही चालेल. मुलीला आवडलं पाहिजे.'"

ही ओळ मी सांगितलेली नव्हती. मी ते पान तपासलं होतं, पण माझं सगळं लक्ष 'गृहकृत्यदक्ष'च्या ऋकारावर. तो मुलगा इतका वेळ तोंड न उघडता बसलेला, तो भाऊजींना म्हणाला, "खिचडी मला येते. शिट्ट्या पण मोजीन." आणि त्याची आई माझ्या हातावर हात ठेवून म्हणती कशी, "ताई, आम्ही ते शेपटाचं पान वाचूनच आलो हो. सुगरण तर सगळ्याच असत्यात." ऐकलंत? मी शब्द न् शब्द घासूनपुसून लिहिलेलं पान राहिलं बाजूला, आणि पोरीचं लग्न जमलं ते ह्यांच्या कचऱ्यावर!

लग्न झालं. मंगलमैत्रीच्या गाथा झाल्यावर कोणीतरी भाऊजींच्या हातात माईक दिलाच. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी तो थोडा वेळ धरला आणि तसाच परत दिला. आशू कोइम्बतूरला गेली.

जाण्याआधी तिच्या नणंदेनं भाऊजींना त्या कॉम्प्युटरवरच्या लपलेल्या फायली दाखवायचं बटण शिकवलं, आणि शेपटं कायमची बंद कशी करायची तेही दाखवलं. "करू का बंद, काका?" तर म्हणाले, "राहू द्या." म्हणजे ती बला आजही माझ्या गळ्यात आहे. नेटवरचा हा सगळा तमाशा कळल्यावर मी बाकीची शेपटं उघडून बघितली, तर एक मुलगी सरळ पानात पाच फूट तीन इंच आणि शेपटाच्या पानात पाच फूट! तीन इंच मुलीच्या वडिलांनी नंतर फोन करून वाढवून घेतलेले, आणि ते जगाला दिसत होतं. मी डोक्याला हात लावला. भाऊजींना रागावून रागावून सगळी पुसायला लावली, आणि आता चढवायच्या आधी आठवणीनं पुसतातही, एक सोडून. आशूचं सरळ पान त्यांनी लग्न ठरलं त्याच दिवशी काढलं. शेपटाचं मात्र अजून तिथंच. किती वेळा सांगितलं, भाऊजी, लग्न झालेल्या पोरीचं पान वधूंमध्ये कसं चालेल, उद्या एखादं स्थळ चालून आलं तर मी काय सांगू? तर म्हणतात, "मला दिसत नाही, वहिनी." आता दिसतं! बटण ठाऊक आहे, सगळं दिसतं, तरी म्हणतात दिसत नाही. आणि ज्या माणसाशी तो खरं बोलत असताना मी इतकं भांडले, त्याला खोटं बोलतोय म्हणून आता काही बोलता येत नाही.

मागच्या रविवारी आले होते. पेन ड्राइव्ह दिला, मी त्यातलं ते एक शेपूट पुसलं, दोघांनी आपापली कामं गुमान केली. हल्ली बोलणं कमी झालंय त्यांचं. माझं दूध उतू जात नाही. सकाळचा फोनही 'दादा आहे का' एवढ्यावर येतो. मी चहा दिला, आणि त्या शांततेचा मला इतका राग आला की विचारलंच, "काय हो, आशूची आठवण येते का?"

"आधी मी 'नाही' म्हणणार होतो," भाऊजी म्हणाले.

मी थांबले. म्हटलं, ह्या खेपेला मध्ये बोलायचं नाही, शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. ते खिडकीतून बाहेर बघत बसले. कपातला चहा गार झाला. मग त्यांनी कपाळावरचा चष्मा नीट केला, पेन ड्राइव्ह खिशात टाकला, "येतो, वहिनी" म्हणाले आणि स्कूटर काढली. नंतरचं वाक्य काही सांगितलं नाही.